भोरच्या मीटिंगमधली एकटी बाई

मी दारू पीत होते. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते भोरमध्ये, एका शाळेच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकावर बसून. त्याआधी माझ्याबद्दल ते सगळ्यांनी म्हटलं होतं, मारता मारता म्हटलं होतं. मी स्वतः कधी म्हटलं नव्हतं.

आमच्याकडे बाप्या पितो याचं कुणाला काही वाटत नाही. बाई पिते म्हटलं की तिला माणसातून काढतात. पण वेल्ह्याकडे, भोरकडे कुठल्या तरी घरात एखादी बाई आत्ता मोरीचं दार लावून पीत असेल, हे मला नक्की माहीत आहे. हे तिच्यासाठी लिहिते. तिच्या घरच्यांनी वाचलं तरी चालेल.

माझं नाव शोभा. पाली गावात, राजगडाच्या पायथ्याला, आमची घरगुती खानावळ आहे. शनिवार-रविवारी पुण्याची पोरं गडावर जायला येतात, आमच्या पडवीत झोपतात, पिठलं-भाकरीवर, ठेच्यावर ताव मारतात. जाताना अर्ध्या बाटल्या टाकून जातात. त्या गोळा करून भंगारात घालायचं काम माझं. कंबर धरली होती तेव्हा एकदा औषध म्हणून घोटभर घेतली. कंबर दुखायची राहिली, झोप लागली. मग झोपेसाठी घेऊ लागले. मग उठण्यासाठी. कधी काय बदललं ते मला सांगता येणार नाही. माझ्या घराला दारू विकत आणावी लागत नव्हती, ती आपल्या पायाने चालत येत होती.

माझे मालक दत्ता. ते थेंबाला शिवत नाहीत. त्यांना वास आला त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा मारलं. त्याआधी आमच्या संसारात त्यांनी बोट लावलं नव्हतं, हेही मला लिहिलं पाहिजे. त्यानंतर मात्र मोजदाद राहिली नाही.

*

एका रविवारी दुपारी पडवीत गडावरून उतरलेला मोठा घोळका जेवायला बसला होता. मी आत चुलीपुढे होते आणि सकाळपासून पीत होते. तव्यावरची भाकरी जळत होती, धूर बाहेर जात होता, आणि मला तो दिसत होता पण उठता येत नव्हतं. मालक आत आले. त्यांनी माझे केस धरले आणि मला ओढत थेट अंगणात नेलं, जेवणाऱ्यांच्या समोर. सरपणातलं लाकूड उचललं. पहिला फटका पाठीवर, दुसरा मनगटावर बसला. मनगटात काडकन आवाज आलेला मी ऐकला.

माझ्या दुसऱ्या हातात उलथनं होतं. ओढत आणलं तेव्हा ते हातातच राहिलं होतं, अजून तापलेलं. मी ते त्यांच्या दंडावर टेकवलं आणि दाबून धरलं. ते ओरडले. आमची प्राजक्ता, दहावीला होती तेव्हा, ती धावत आमच्या मध्ये आली. लाकूड पण हवेत होतं, उलथनं पण हवेत होतं. ती खाली बसली आणि तिने कान धरला. बोटांतून रक्त येत होतं.

तिला कुणाचा फटका लागला हे आम्हाला दोघांनाही आजतागायत सांगता आलेलं नाही. ती म्हणते, "काय फरक पडतो?" त्या कानाने तिला आता कमी ऐकू येतं. जेवायला बसलेली पोरं ताटं तशीच टाकून गाड्या काढून निघून गेली.

त्याच संध्याकाळी माझा भाऊ किकवीहून आला आणि प्राजक्ताला घेऊन गेला. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

*

पुढचं मी मुद्दाम लिहिते, कारण हे घरोघरी करतात.

मालकांनी आणि माझ्या दिराने, बाळूने, मला गोठ्यात दाव्याने खांबाला बांधलं. "उतरू दे सगळी. चार दिवस न्हाई मिळाली की सुटती." असं म्हणणारा बाळू स्वतः प्यालेला होता. गाठी त्याने मारल्या.

पहिल्या रात्री मी नुसती थरथरत होते. पुढे पुढे अंगाला घाम सुटला आणि भिंतीतून तांबड्या मुंग्या यायला लागल्या. त्या मला दिसत होत्या हो, खोट्या नव्हत्या. त्या म्हशीच्या डोळ्यांत शिरत होत्या, माझ्या पायांवर चढत होत्या. मी दाव्याला हिसके देऊन मनगटं सोलून घेतली, त्यातलं एक तर मोडलेलंच. डोकं खांबावर आपटलं. मग मला फिट आली. शेजारच्यांनी आरडाओरडा केला तेव्हा मला जीपमध्ये घालून भोरला नेलं.

दवाखान्यातही मला कॉटला बांधावं लागलं, पण मऊ पट्ट्यांनी. एक नर्स सलाईनची सुई लावत होती. मला ती माझ्या हातात मुंगी घुसवतेय असं दिसलं. मी तिच्या हाताचा लचका तोडला. दात मांसात शिरल्याचं मला आठवतं. तिने किंचाळून हात मागे घेतला, दुसऱ्या नर्सला बोलावलं, आणि पुन्हा येऊन सुई लावली.

शुद्ध आली तेव्हा समोर डॉक्टरीणबाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मालकांना सांगत होत्या, "असं बांधून दारू सोडवतात का? मेल्या असत्या. रोज पिणाऱ्याची एकदम तोडायची तर ती दवाखान्यातच तोडावी लागते. हा आजार आहे."

"आजार?" मालक म्हणाले. "माज हाय त्यो. आजार आमच्या घरात आलाच न्हाई कधी."

"आजारच आहे. आणि त्यांचं मनगट मोडलंय. ते कशाने?"

मालक बाहेर निघून गेले.

माझं मनगट प्लास्टरमध्ये होतं, तोंड सुजलं होतं, पण त्या एका शब्दाने मला रडू फुटलं. रांड म्हटलं होतं, हडळ म्हटलं होतं. आजारी कुणी म्हटलं नव्हतं.

*

ज्या नर्सला मी चावले तिचं नाव सुनंदा. हाताला बँडेज बांधून ती रोज माझ्याच वॉर्डात यायची. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. घरी सोडायच्या दिवशी ती कॉटवर येऊन बसली.

"माझा थोरला भाऊ असाच व्हता," ती म्हणाली. "आमी बी बांधायचो त्येला. आता त्यो दर रविवारी मीटिंगला जातो, हितंच, स्टँडच्या मागं शाळा हाय तितं. पिणारी माणसं बसत्यात आन् बोलत्यात. एवढंच असतं. तुमी जा."

"बाया असत्यात का?"

"न्हाईत. पर तुमी जा."

मी घरी सांगितलं की हात दाखवायला रविवारी बोलावलंय. पालीहून वडापच्या जीपने मार्गासनी, तिथून एस्टीने चेलाडी फाटा, तिथून भोरची गाडी. शाळेच्या दारात पुरुषांच्या चपलांचा ढीग होता. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिले. एक माणूस बाहेर आला, अदबीने म्हणाला, "ताई, कुणाला न्यायला आलात?"

"कुणाला न्हाई," मी म्हणाले. "मीच हाय."

त्याला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो बाजूला झाला आणि मला आत जाऊ दिलं.

त्या दिवशी मी काहीच ऐकलं नाही. पदर डोक्यावरून ओढून भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता वाचत बसले. सगळे माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते, ते मला बघण्यापेक्षा जास्त लागत होतं. घरी आले आणि पडवीत कुणाची तरी राहिलेली बाटली होती ती संपवली. पहिली मीटिंग झाली आणि त्याच दिवशी प्याले. असंही होतं. तरी पुढल्या रविवारी गेले, कारण घरात बसले असते तर त्या दिवशी पुन्हा प्याले असते.

*

त्या रविवारी एक मोठा, रुंद खांद्यांचा माणूस बोलायला लागला. पन्नाशीच्या पुढचा. गावच्या जत्रेत कुस्त्या खेळलेला, कान मुडपलेले. सगळे त्याला पैलवान म्हणत. आवाज मात्र अगदी खाली.

"मी सोपान. मी दारुडा हाय. शिवऱ्याचा," तो म्हणाला. "आज मला एक सांगायचंय. बायको भाकरी वाढत व्हती. मीठ कमी का जास्त, आता आठवत न्हाई. म्या तिच्या तोंडावर बुक्की मारली. तिचा जबडा निखळला. दात ताटात पडलं. आन् म्या तेच ताट पुढं ओढून जेवलो."

मीटिंगमध्ये एक बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, हे मला आत येतानाच सांगितलं होतं. पण मी उठले. माझं मनगट प्लास्टरमध्ये होतं, पाठीवरचे वळ बाकाला टेकवता येत नव्हते. मी त्या माणसासमोर जाऊन उभी राहिले आणि चांगल्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. जीव खाऊन मारली. मग दुसरी. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं. दोघे-तिघे उठले. पैलवानाने हात वर करून त्यांना बसवलं.

"मारू द्या त्यांना," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अजून मारायची असंल तर मारा, बाई. पर पुढल्या रविवारी या."

मी बाहेर पळाले. पायरीवर एक लुगड्यातली बाई बसली होती. मी तिच्या शेजारी मटकन बसले आणि हुंदके देऊन रडले. तिने पाण्याची बाटली पुढे केली. बोलताना तिचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं. ती पैलवानाची बायको होती, हौसाक्का. आणि सुनंदा नर्स तिची नणंद. हे सगळं मला तेव्हा कळलं.

"म्या खिडकीतनं बघितलं," ती म्हणाली. "आक्षी बरं वाटलं बघ मला. म्या इतकी वर्सं मार खाल्ला, एक सुदीक चापट मारली न्हाई त्येला. आता सुधारलाय म्हणं. आता मारावं तरी कसं?"

आणि ती हसली. मलाही हसू आलं. रक्त, रडणं, हसणं सगळं एकाच पायरीवर.

मी पुढल्या रविवारी गेले. उभी राहिले आणि ते वाक्य म्हणाले. त्यानंतर मी पुन्हा एकदा प्याले, मग नाही.

*

किकवीला भावाकडे प्राजक्ताला भेटायला गेले तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. "तोंड उघड," म्हणाली.

भावजय मागे उभी होती. भाचे बघत होते. मी तोंड उघडलं. माझ्या लेकीने वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला, जसा आम्ही दूध नासलंय का ते बघताना घेतो. मग बाजूला झाली. चहा दिला. भोरला कॉलेजात जाते आता. अजूनही भेटलं की वास घेते. मी अजूनही तोंड उघडते. मला त्याचा राग येत नाही असं नाही. येतो. पण मी उघडते.

*

मी दर रविवारी भोरला जाऊन पुरुषांच्यात बसते, हे वडापच्या ड्रायव्हरने मालकांना सांगितलं. मधल्या काळात माझं प्लास्टर निघालं होतं, हात दाखवायचा बहाणा संपला होता, आणि मी खरं सांगायचं धाडस केलं नव्हतं.

त्या दुपारी मालक मोटरसायकलवरून शाळेच्या आवारात आले. पायरीवर हौसाक्का बसली होती. तिने विचारलं, "कोन पायजे?" मालकांनी तिला बाजूला ढकललं. जोरात ढकललं. ती पायऱ्यांवरून खाली दगडी फरशीवर पडली.

पैलवानाने ते दारातून पाहिलं.

एवढा मोठा माणूस इतक्या चटकन उठलेला मी पाहिला नव्हता. बाक उलटा झाला. मालक आत शिरताच त्याने त्यांना कमरेत उचललं आणि फळ्यावर आदळलं. फळा भिंतीवरून निखळून खाली आला. मग गळा धरला. दोन्ही हातांनी. मालकांचे पाय जमिनीपासून सुटले होते, टाचा भिंतीवर आपटत होत्या. तोंड जांभळं झालं. तिघे-चौघे पैलवानाच्या हातांना लोंबकळले, ते हात हलेनात. त्याच्या डोळ्यांत कुणीच नव्हतं. दारू नव्हती त्याच्या पोटात, कितीतरी वर्षांपासून नव्हती, तरी तो तसाच होता.

आणि मी उभी होते. मी ओरडले नाही. मला बघायचं होतं. दाबू दे, असं माझ्या मनात आलं. हे मी नंतर मीटिंगमध्येही सांगितलं आहे.

हौसाक्का आत आली. कोपर फुटलं होतं, लुगड्याला रक्त. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, 'आमचे हे'च्या पुढे ती जात नसे. ती त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि म्हणाली, "सोपान. सोड त्येला."

हात ढिले पडले. मालक खाली कोसळले, खोकत, लाळ गाळत. पैलवान मागे सरकला, एका बाकावर बसला, आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसून राहिला.

मालकांना उठायला वेळ लागला. उठल्यावर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. आवाज फाटला होता. "चल घरी."

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी हात उचलला. लोक पुढे झाले, मी त्यांना थांबवलं. "मारा," मी म्हणाले. "सगळे बघत्यात. मारा."

त्यांनी कानाखाली मारली. खरंच मारली. माझा कान बधिर झाला, पण मी जागची हलले नाही.

"झालं?" मी विचारलं. "आता तुमी जावा."

ते गेले. गाडी सुरू करायला त्यांना फार वेळ लागला, किक बसत नव्हती. आम्ही सगळे आत बसून तो आवाज ऐकत होतो.

*

मी शिवऱ्याला हौसाक्काकडे राहिले. रस्त्याकडेला त्यांचं वडापावचं दुकान आहे, तिथे मी हात लावू लागले. ज्याने बायकोचा जबडा मोडला आणि माझ्या नवऱ्याचा जीव घेत आणला, त्या माणसाच्या घरात मी झोपत होते. सुरुवातीला उशाखाली विळी घेऊन झोपत असे. हौसाक्काने अंथरूण काढताना ती पाहिली आणि परत तिथेच ठेवली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "म्या बी तशीच झोपायची. मग एक दिस इसरून गेले ठेवायचं."

लोक विचारतात, मीटिंगने दारू सुटली का? मला वाटतं, तिथे मला खोटं बोलावं लागलं नाही, त्याने सुटली. पैलवान पुढल्या रविवारी त्याच खोलीत उभा राहिला आणि म्हणाला, "म्या समजत व्हतो का बाटली गेली म्हंजे त्यो माणूस गेला. त्यो हितंच हाय." त्याला कुणी शाबासकी दिली नाही, कुणी हाकललंही नाही. शाळेचा फळा आम्ही सगळ्यांनी मिळून परत ठोकला.

भाताची कापणी संपल्यावर मालक शिवऱ्याला आले. दुकानासमोर उभे राहिले. दंडावर उलथन्याचा डाग तसाच होता.

"घरी चल. हात लावणार न्हाई."

"कशावरून?"

बराच वेळ ते कढईकडे बघत उभे राहिले. मला ते उत्तर न देणं बरं वाटलं. शपथ घेतली असती तर मी गेले नसते.

"हात लावला तर मी गावात कुणाला सांगत बसणार न्हाई, सरळ पोलीस ठाण्यात जाईन. रविवारी मीटिंगला जाईन. आन् पडवीत दारू चालणार न्हाई," मी म्हणाले.

"गिऱ्हाईक येणार न्हाई मग."

"न्हाई येऊ दे."

मी गेले. त्यांनी त्यानंतर मला मारलेलं नाही. एकदा तांब्याचा हंडा अंगणात आपटून आपटून चेपला, एकदा भिंतीवर बुक्की मारून बोटं फोडून घेतली. तेव्हा मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले, निघायच्या तयारीने. मी त्यांना माफ केलं आहे का, हे मला माहीत नाही. विचारू नका. प्राजक्ता तर आम्हा दोघांनाही विचारत नाही.

*

आता ते मला मोटरसायकलवरून चेलाडी फाट्यापर्यंत सोडतात. वाटेत बोलणं नसतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, मार्गासनीचा पूल ओलांडल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "तितं माझ्याबद्दल काय सांगतीस?"

"जे झालं ते."

"मारल्यालं बी?"

"ते बी. म्या तुमाला डागलं ते बी."

"आन् मानसं काय म्हंत्यात?"

"काई न्हाई. ऐकून घेत्यात."

नसरापूर गेलं. फाट्यावर भोरची एस्टी उभी होती, लोक चढत होते. मी उतरले, पदर सारखा केला. त्यांनी गाडी बंद केली. एरवी ती चालूच असते, ते लगेच वळतात.

"माझा बाप," ते म्हणाले, आणि थांबले. मग त्यांनी हँडल धरूनच सांगितलं. त्यांचा बाप पिऊन आला की त्यांना पायाला धरून विहिरीत उलटं लोंबकळवायचा. 'रडलास तर सोडीन,' म्हणायचा. खाली पाणी, त्यात आपलंच तोंड दिसायचं. आई काठावर उभी राहून हात जोडायची. "म्या कदी रडलो न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाचा वास आला का मला ती हीर दिसायची."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. म्हणून काय मारायचं का, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी बोलले नाही. मध्ये बोलायचं नाही, एवढं मी शिकले होते. कंडक्टरने माझ्याकडे बघून घंटी दिली. एस्टी निघून गेली. ते बोलतच होते, आणि हायवेच्या ट्रकांच्या आवाजात मला पुढे होऊन कान त्यांच्याजवळ न्यावा लागत होता.

त्या रविवारी माझी मीटिंग चुकली.

पुढच्या रविवारी आम्ही घरातून जरा लवकर निघालो.